शिवारातील वनस्पतींची शास्त्रीय नोंद कशी करावी

मृग बरसला की विदर्भातील बहुतेक गावांच्या पांदणीला तरोट्याची रोपे दाटून येतात आणि कोवळ्या पाल्याची भाजी घरोघरी होते. कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात याच वनस्पतीला टाकळा म्हणतात. तिच्याच शेजारी अनेकदा कासविंदा उगवलेला असतो आणि रानतरोटा, रानटाकळा अशी नावे काही ठिकाणी त्यालाही दिली जातात. तरोट्याच्या पानाला साधारणपणे पर्णिकांच्या (एका पानातील लहान पानांच्या) तीन जोड्या असतात, पर्णिकांची टोके गोलसर असतात आणि शेंग बारीक, लांब व वाकडी असते. कासविंद्याच्या पर्णिका टोकदार असतात, जोड्या बहुधा जास्त भरतात, शेंग चपटी असते आणि पानाच्या देठाच्या अगदी तळाशी एक ठळक ग्रंथी दिसते. हा फरक केवळ वनस्पतिशास्त्राच्या परीक्षेपुरता नाही. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलांचे यकृत, स्नायू आणि मेंदू यांवर एकदम आघात करणाऱ्या एका जीवघेण्या आजाराचा संबंध कासविंद्याच्या बिया खाण्याशी असल्याचे २००७ च्या सुमारास पुढे आले. अशा वेळी वहीत नुसते ‘तरोटा, भाजीसाठी उपयोगी’ एवढेच लिहिलेले असेल, तर ती नोंद वनस्पतिशास्त्रज्ञाच्या कामाची नाही, भाषाभ्यासकाच्या नाही आणि डॉक्टरच्या तर मुळीच नाही.

म्हणून या कामाचा पहिला नियम असा की वाळवलेला नमुना, बोलणाऱ्याचा उच्चार, जागा आणि तारीख या चार गोष्टी एकाच क्रमांकाने बांधलेल्या असाव्यात. नमुन्याच्या चिठ्ठीवर, छायाचित्राच्या फाइलवर, ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीला आणि वहीत तोच क्रमांक यावा. हे न पाळता गोळा केलेली शेकडो नावे नंतर कोणीही जुळवू शकत नाही.

विषय लहान घ्यावा. एका गावाचे शिवार, एक हंगाम आणि एकच प्रश्न, उदाहरणार्थ सोयाबीन व तुरीच्या वावरात निंदणीच्या वेळी उपटले जाणारे कोणते तण खाल्ले जाते, एवढे पदव्युत्तर प्रबंधाला पुष्कळ होते. शिवाराचे भाग आधी वेगळे करून घ्यावेत: वावर (शेत), धुरा (बांध), पांदण (शेतरस्ता), नाल्याचा काठ, ई-क्लासची (सरकारी गायरान) जमीन, आणि भंडारा-गोंदिया किंवा चंद्रपूर-गडचिरोलीकडे काम असेल तर बोडी (लहान तळे) व माजी मालगुजारी, म्हणजे मालगुजारांच्या काळातले जुने तलाव. प्रत्येक भागातील वनस्पती वेगळ्या असतात आणि त्या ओळखणारी माणसेही वेगळी असतात.

परवानगीचे काम शिवारात पाय ठेवण्यापूर्वी संपवावे. जैविक विविधता कायदा, २००२ नुसार स्थानिक संस्थेच्या स्तरावर जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे स्थानिक जीवसृष्टी व तिच्याविषयीच्या ज्ञानाची वही, तयार करणे हे तिचे काम आहे; ती वही आधी मागून वाचावी, म्हणजे झालेले काम पुन्हा होत नाही. महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाचे मुख्यालय नागपुरातच आहे, त्यामुळे शंका असल्यास विचारणे अवघड नाही. मेळघाट किंवा ताडोबासारख्या संरक्षित क्षेत्रात वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय एक फांदीही तोडू नये. जिथे ग्रामसभेकडे सामूहिक वनहक्क आहेत, तिथे ग्रामसभेपुढे विषय मांडून संमती घ्यावी. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाला असे हक्क २००९ मध्ये मिळाले. औषधी उपयोगांविषयी माणसांना विचारायचे असल्यास प्रकल्प संस्थेच्या नैतिकता समितीपुढे ठेवावा लागतो, कारण भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे माणसांवरील आरोग्य-संशोधनाला लागू होतात. संमतीपत्र माणसाच्या भाषेत वाचून दाखवावे, आणि एखाद्या वैदूने ‘हे छापू नका’ म्हटले तर ते छापू नये. या बाबतीत घासाघीस करणारे संशोधक मला पटत नाहीत.

विचारण्याची पद्धत हा या कामाचा सर्वांत नाजूक भाग आहे. ‘हा तरोटाच ना?’ असे विचारले की समोरचा माणूस भिडेपोटी ‘हो’ म्हणतो आणि संशोधकाचेच ज्ञान त्याच्याकडे परत येते. ताजी, उभी वनस्पती दाखवून ‘याले काय म्हनता?’ एवढेच विचारावे आणि गप्प राहावे. मोबाइलवरील चित्र दाखवू नये, कारण वास, चीक, पानाची खरखर हे सारे त्यात नसते आणि पुष्कळदा ओळख त्यांवरूनच पटते. रोप दोन पानांवर असताना ते पिकाचे की तणाचे हे ओळखण्यात निंदणाऱ्या बायांचा हात कोणी धरू शकत नाही. त्यामुळे केवळ पाटील, सरपंच आणि शिक्षक यांच्या मुलाखतींवर उभी केलेली यादी अपुरीच राहते. गुराख्यांनाही विचारावे, कारण ढोरे काय खातात आणि काय टाळतात हे त्यांना रोज दिसते. सासू आणि सून यांची उत्तरे एकाच घरातली असल्याने ती दोन स्वतंत्र साक्षी मानता येत नाहीत, पण सुनेचे माहेर मात्र अवश्य विचारावे. झाडीपट्टीतून (पूर्व विदर्भातून) वऱ्हाडात (पश्चिम विदर्भात) लग्न होऊन आलेली बाई तिकडचे नाव सोबत घेऊन येते आणि ते नोंदीत ‘या गावचे नाव’ म्हणून शिरले की कोणते नाव कुठे चालते याचा नकाशा चुकतो. ‘माहीत नाही’ हे उत्तरही तितक्याच काळजीने लिहावे.

उच्चार जसा कानावर पडला तसाच उतरवावा. वऱ्हाडीत ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, त्याच न्यायाने कोणी ‘गुयवेल’ म्हटले तर तेच लिहावे आणि प्रमाण रूप शेजारच्या रकान्यात द्यावे. विदर्भात हे काम विशेष जपून करावे लागते, कारण येथे मराठी ही इंडो-आर्य, गोंडी व कोलामी या द्राविडी आणि मेळघाटातील कोरकू ही मुंडा, अशा तीन भाषाकुळांतील भाषा शेजारी शेजारी बोलल्या जातात. कोरकू किंवा कोलामी नाव केवळ देवनागरीत लिहून भागत नाही. ध्वनिमुद्रण ठेवावे आणि शक्य असल्यास आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत उतरवून घ्यावे. बोलणाऱ्याची घरची भाषा कोणती आणि उत्तर कोणत्या भाषेत मिळाले, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

नमुना घेताना झुडूप असेल तर फुला-फळासह फांदी आणि लहान रोप असेल तर मुळासकट घ्यावे, आणि विपुल असेल तरच तीन प्रती कराव्यात. पावसाळ्यात नमुने दाबून वाळवण्याच्या दाबयंत्रातील वर्तमानपत्रे रोज बदलावी लागतात, नाहीतर बुरशी येते. वाळल्यावर फुलाचा रंग जातो, चीक दिसत नाही आणि वास उरत नाही, म्हणून हे तिन्ही तोडतानाच लिहावे. साधारण ४२ × २८ सेंटिमीटरच्या जाड कागदावर नमुना लावून एक प्रत महाविद्यालयाच्या वनस्पतिसंग्रहात ठेवावी आणि शंकास्पद नमुने भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुणे येथील केंद्रातील तज्ज्ञांना दाखवावेत. छायाचित्रावरून नाव सांगणाऱ्या ॲपचे उत्तर दिशा म्हणून ठीक आहे, पुरावा म्हणून नाही. शंखपुष्पी या एकाच नावाने निदान तीन निरनिराळ्या वनस्पती चालतात, हे ध्यानात ठेवले की या सावधपणाचे कारण सांगावे लागत नाही.

शेतीची बाजू त्या मानाने सोपी आहे. एक मीटर बाजूची दोरीची चौकट वावरात चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या जागी ठेवावी आणि आतील प्रत्येक जातीची रोपे मोजावीत. सोबत पीक, जमीन, पेरणीची तारीख, डवरणी (पिकाच्या ओळींमधली कोळपणी) आणि फवारलेले तणनाशक लिहावे. शेतकरी नक्षत्रावर सांगतो, तेव्हा नक्षत्र आणि इंग्रजी तारीख दोन्ही ठेवावीत.

औषधी उपयोग लिहिताना वनस्पतीचा कोणता भाग, कसा तयार केला, किती दिला, सांगणाऱ्याने स्वतः वापरला की ऐकला आणि कोणाकडून शिकला, हे सर्व विचारावे. ‘कावीळ बरी होते’ असे न लिहिता ‘कावीळीवर देतात असे सांगितले’ असे लिहावे, कारण कावीळ हे अनेक आजारांचे लक्षण आहे आणि त्यांतील काही आपोआप बरेही होतात. लोकांच्या आजाराच्या नावाचे वैद्यकीय नावात परस्पर भाषांतर करू नये. तो रकाना डॉक्टरसाठी रिकामा ठेवावा. स्वतः चाखून पाहू नये. साप चावल्यावरचा उपाय कोणी सांगितला तर नोंद करावी, पण त्याच बैठकीत अशा रुग्णाला थेट ग्रामीण रुग्णालयात न्यावे हेही सांगावे.

काम संपल्यावर यादीची मराठी प्रत, नमुन्यांच्या क्रमांकांसह, ग्रामपंचायतीला व जैवविविधता समितीला द्यावी. ती देण्यापूर्वी माहिती देणाऱ्यांना एकदा वाचून दाखवावी. आपल्या तोंडची नावे ऐकताना ते चुका दुरुस्त करतात आणि हंगामात सुटलेल्या दोन-चार वनस्पती तिथल्या तिथे सांगतात, त्यासाठी वहीची काही पाने कोरी ठेवावीत.