आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाला नातवाला न्यायचंय? तिकीट नंतर काढा

मी लंडनमध्ये बॅरिस्टर आहे, मुलांच्या ताब्याची प्रकरणं चालवते. (विग घालत नाही. कौटुंबिक सुनावणीत तो नसतोच, पण आईला अजून पटत नाही.) मे महिना जवळ आला की आपल्या मंडळींचा ठरलेला प्रश्न येतो: "मुलाला पुण्याला न्यायचंय, त्याची आई नाही म्हणते. काय करू?"

आधी तिकीट काढू नका. पालकत्वाचा कायदेशीर हक्क असलेल्या प्रत्येकाच्या संमतीशिवाय मुलाला देशाबाहेर नेणं इथे १९८४ च्या कायद्याने गुन्हा आहे. मूल तुमच्याकडेच राहील असा कोर्टाचा आदेश असेल, तर महिन्याच्या आतला प्रवास चालतो. नसेल तर तारखा, विमान, पत्ता घालून लेखी होकार घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या अंगठ्यावर विसंबू नका.

होकार नाहीच मिळाला, तर मध्यस्थाकडे माहितीची बैठक आणि मग कोर्टाकडे परवानगी मागायचा अर्ज, म्हणजे सी-१०० फॉर्म. घरात मारहाण झाली असेल, त्याचा पुरावा असेल, तर बैठकीतून सूट मिळते. हे सगळं निदान सहा महिने आधी सुरू करा. एप्रिलमध्ये येऊन मे मागणाऱ्यांसाठी माझ्याकडे जादू नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. मुलं पळवून नेण्याविरुद्धच्या १९८० च्या हेग करारात भारत नाही. त्यामुळे जजच्या डोक्यात एकच प्रश्न असतो: हा परत आलाच नाही तर? एक गृहस्थ माझ्याकडे दोनशे पानांची फाइल घेऊन आले. बायकोचे सगळे मेसेज, रंगीत प्रिंट, तारखेवार. परतीच्या तिकिटाचं कोटेशन मात्र एका पानावरही नव्हतं. ती फाइल मी बाजूला ठेवली आणि नवी यादी लिहून दिली: परतीच्या विमानाचं कोटेशन, नोकरीचं पत्र, घराचं भाडेपत्र किंवा कर्जाचे कागद, शाळा उघडण्याची तारीख, पुण्यातला पत्ता, मुलाच्या आईला रोज व्हिडिओ कॉल कधी लावणार ती वेळ.

मग हमी. काही रक्कम सॉलिसिटरकडे ठेवायची तयारी दाखवा. परतीची तारीख शपथेवर लिहून द्या. भारतातल्या कायद्यावर तज्ज्ञाचं मत लागतंच असं समजून चाला. कधी तिकडच्या कोर्टाकडून इथल्या आदेशासारखाच आदेशही आणावा लागतो. यात पैसे आणि महिने दोन्ही जातात.

याच वर्षी का, हेही साध्या शब्दांत सांगता आलं पाहिजे. त्या गृहस्थांना जजने विचारलं, "पुढच्या वर्षी नाही का जमणार?" ते म्हणाले, "आई एक्याऐंशीत आहे. हजारावी पौर्णिमा एकदाच येते, जज." माझ्या लेखी युक्तिवादातल्या चार परिच्छेदांपेक्षा ते चांगलं होतं.

परत आलात की मुलाचा पासपोर्ट ठरल्या दिवशी ठरल्या हाती द्या आणि पोच घ्या. पुढच्या अर्जाला सगळ्यात आधी तीच पोच जोडायची असते.