नागपुरातून कॉग्निटिव्ह न्यूरोसायन्सला जायचंय? आधी कूलर बंद करा

बर्डीवर चहाला भेटलेली पोरं एकच विचारून राहतात, दादा, बीए सायकॉलॉजी झालं, आता मेंदूवर रिसर्च करायचाय, कोणता कोर्स घेऊ? कोर्स सांगतो, पण आधी घरीच एक छोटा एक्सपेरिमेंट करा, कारण पुढे वर्षानुवर्षं हेच करायचं असतं अन् कंटाळा येणार असेल तर तो फुकटात कळलेला बरा.

सायकोपाय डाउनलोड करा, असे एक्सपेरिमेंट बनवायचं सॉफ्टवेअर, फ्री आहे, पायथनवर चालतं. स्ट्रूप टास्क घ्या, १९३५ चा आहे पण अजून दगडासारखा पक्का. "लाल" हा शब्द हिरव्या रंगात दाखवायचा, समोरच्यानं रंगाचं बटण दाबायचं, शब्द अन् रंग जुळले नाही की वेळ जास्त लागतो. मी मराठीत केला तर निळा, हिरवा, पिवळा, तिन्हीची वेलांटी भलतीकडेच जाऊन बसली, शेवटी शब्दांचे फोटो बनवून टाकले. त्यात मे महिना, कूलर धडधडतोय, मित्र मधेच "काय म्हटलं?" विचारतो अन् ती ट्रायल, म्हणजे एका शब्दाची फेरी, तीन सेकंदांची होते! अशा ट्रायल्स कधी काढायच्या तो नियम डेटा बघायच्या आधी लिहून ठेवा, नंतर ठरवलं तर आपण आपल्याला हवं तेच ठरवतो.

पुढे ईईजी लॅबमध्येही, म्हणजे डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूतली वीज मोजतात तिथे, विजेच्या वायरींचा ५० हर्ट्झचा नॉइज, नको असलेली खरखर, सिग्नलमध्ये घुसतोच, अन् आईनं तेल चोपडून पाठवलेलं डोकं तर चालतच नाही. ईईजी मिलिसेकंद पकडतं, जागा नीट सांगत नाही. एफएमआरआय, म्हणजे रक्तातल्या बदलावरून मेंदूचं काम दाखवणारं स्कॅन, जागा दाखवतं पण त्याचा सिग्नल वर यायला पाचेक सेकंद घेतो. आपला प्रश्न "कधी"चा की "कुठे"चा, हे आधी ठरवा, मग लॅब शोधा.

कोर्स म्हणाल तर अलाहाबाद विद्यापीठाचं सीबीसीएस (बिहेवियरल अन् कॉग्निटिव्ह सायन्सचं सेंटर), आयआयटी गांधीनगरचं एमएससी कॉग्निटिव्ह सायन्स, न्यूरोकडे ओढा असेल तर मानेसरचं एनबीआरसी (नॅशनल ब्रेन रिसर्च सेंटर). गेट या प्रवेश परीक्षेत २०२१ पासून ह्युमॅनिटीजच्या पेपरात सायकॉलॉजी घेता येतं, १०० पैकी ६० मार्क विषयाचे. स्टॅटिस्टिक्सला घाबरून पळू नका बे, रिग्रेशन, म्हणजे एका गोष्टीवरून दुसरीचा अंदाज काढायचं गणित, तरी हातानं करून बघा.

प्रोफेसरांना एकच मेल चाळीस जणांना ढकलू नका. त्यांचा एक पेपर वाचा, पाच-सहा ओळी लिहा, स्ट्रूपचा ग्राफ जोडा अन् काय बिघडलं तेही सांगा. मला पहिलं उत्तर आलं ते वेलांटीवरूनच, मॅडमनी एवढंच विचारलं होतं की फॉन्ट बदलून पाहिला होता का.