या चुका टाळा: जांभा लेसरखाली धरण्याआधी

लेसरच्या एका ठिणगीत दगडातली मूलद्रव्यं कळतात, हे ऐकलं की पोरं चिऱ्याचा तुकडा उचलतात आणि थेट यंत्राखाली ठेवतात. दगड धुवायला पाच मिनिटं लागतात, तेवढी कुणाला सवड नसते.

लिब्समध्ये, म्हणजे लेसरच्या ठिणगीने मूलद्रव्यं ओळखण्याच्या या पद्धतीत, लेसरच्या एका ठोक्याला जेमतेम काही मायक्रॉनचा थर उडतो. त्याचा प्लाझ्मा, म्हणजे तापून चमकणारा वायू होतो; त्याचा उजेड आपण वाचतो, त्यात प्रत्येक मूलद्रव्याची रेषा आपापल्या तरंगलांबीला दिसते. म्हणजे पहिला ठोका दगडाचं नाही, दगडावर बसलेल्याचं सांगतो. कोकणात काय बसतं? खारं वारं.

गुहागरला किनाऱ्यालगतच्या गडग्यातला चिरा एका विद्यार्थ्याने आणला होता. ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरला सोडियम असा उसळला की बाकीचा आलेख आडवा. पठ्ठ्याने ‘सोडियमयुक्त जांभा’ म्हणून अहवालही लिहिला! अरे, पावसाने सोडियम, पोटॅशियम धुऊन नेलं, लोह-अ‍ॅल्युमिनियम मागे राहिलं, तेव्हा कुठे जांभा होतो. त्यावर त्याचं म्हणणं, “सर, क्लोरीन दिसत नाही, मग मीठ कसं?” क्लोरीनची ८३७.६ची रेषा हवेत इतकी मंद उमटते की मीठ असूनही हाती लागत नाही. चिरा फोडला, आतल्या ताज्या बाजूवर ठोके मारले, आणि सोडियम पार बसला.

मी फोडतोच. फोडता येत नसेल तर डिस्टिल्ड पाण्याने धुऊन ओव्हनमध्ये वाळवतो आणि प्रत्येक जागेचे पहिले वीस ठोके सोडून देतो. विहिरीचं पाणी नको, किनाऱ्याला तेही मचूळ. धुतल्यावर बोटही लावू नका, घामात मीठ असतं.

दुसरी चूक बॉक्साइटवाल्यांची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं खनिज तपासणाऱ्यांची. अ‍ॅल्युमिनियम ३९६.१५ला, कॅल्शियम ३९६.८५ला. उजेड वाचणारा स्पेक्ट्रोमीटर जरा सरकला की सॉफ्टवेअर एकाचं नाव दुसऱ्याला चिकटवतं, आणि लोक ते छापतात. त्याच मूलद्रव्याची जोडीदार रेषा शोधा: अ‍ॅल्युमिनियमचा ३९४.४०ला, कॅल्शियमचा ३९३.३७ला. एकट्या रेषेवर मी पैज लावत नाही.

रत्नागिरीची काळी इल्मेनाइट (टायटॅनियमचं खनिज) वाळू सुटी ठेवू नका, कण उडतात. दाबून गोळी करा. टायटॅनियमचा आकडा पोलादाच्या नमुन्यांवर बेतलेल्या कॅलिब्रेशनवरून काढू नका. लेसरचा १०६४ नॅनोमीटरचा किरण डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे तीच तरंगलांबी अडवणारा चष्मा हवा, साधा गॉगल नव्हे. पावसाळ्यात एसीतलं यंत्र तडक पडवीत नेलंत तर भिंगावर दव धरेल. मी ते पेटीत बंदच ठेवून तासभर बाहेर ठेवतो, मगच झाकण उघडतो.