डिझॉल्व्ह टाकण्यापूर्वी

संकलनात दोन शॉट जोडताना पहिला विचार साध्या कटचाच, म्हणजे एक शॉट संपताच थेट दुसरा लावण्याचाच, करावा. संपूर्ण प्रसंग आधी निव्वळ कटवर लावून तो न थांबता पाहावा आणि जिथे डोळा अडखळतो तेवढ्याच जागांवर टाइमलाइनमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये शॉट ओळीने मांडलेल्या पट्टीवर, मार्कर (खूण) टाकावा. अशा बहुतेक ठिकाणी शॉट चार-सहा फ्रेम उशिरा संपत असतो, एवढाच दोष निघतो. त्यावर डिझॉल्व्ह, म्हणजे एक चित्र विरत असतानाच दुसरे उमटत जाणारा जोड, टाकणे म्हणजे ओल आलेल्या भिंतीला रंग देणे होय.

डिझॉल्व्ह वापरावा तो प्रामुख्याने काळ सरल्याचे सांगण्यासाठी. गुऱ्हाळावरील माहितीपटात काहिलीत उकळणारा रस आणि तयार झालेली गुळाची ढेप यांच्यामधला वेळ एका सेकंदाच्या डिझॉल्व्हने ओलांडता येतो, आणि काहिलीचा गोल काठ व ढेपेचा गोल काठ पडद्यावर साधारण एकाच जागी येतील असे शॉट निवडले, तर एक आकार दुसऱ्यात विरघळल्यासारखा दिसतो.

यासाठी दोन्ही शॉटना हँडल, म्हणजे कटच्या पलीकडचे जादा चित्रीकरण, असावे लागते. सेकंदाला २५ फ्रेम असतील आणि एक सेकंदाचा डिझॉल्व्ह कटच्या मधोमध बसवायचा असेल, तर पहिल्या शॉटच्या पुढच्या आणि दुसऱ्याच्या मागच्या बारा-तेरा फ्रेम खर्ची पडतात. त्या नसल्यास काही सॉफ्टवेअर शेवटची फ्रेम गोठवून वेळ मारून नेतात आणि काहिलीवरची वाफ मध्येच थिजते. म्हणून चित्रीकरणातच कृतीच्या आधी व नंतर चार-पाच सेकंद कॅमेरा चालू ठेवावा.

फिल्मच्या काळात डिझॉल्व्ह ऑप्टिकल प्रिंटरवर, म्हणजे एका फिल्मवरील चित्र दुसऱ्या फिल्मवर उतरवणाऱ्या यंत्रावर, करून घ्यावा लागे. त्याला पैसे पडत, त्यामुळे संकलक दोनदा विचार करीत. आता तो एका कळीवर आला आहे आणि तसाच वापरला जातो.

प्रसंग बदलताना माझी पसंती जे-कटला आहे. चित्र आणि आवाज अनलिंक (एकमेकांपासून सुटे) करून पुढच्या शॉटचा आवाज पंधरा-वीस फ्रेम आधी सुरू करावा: उसाच्या मोळ्या वाहणारी माणसे दिसत असतानाच चरकाची घरघर कानावर येते आणि मग चरक दिसतो. मालकाचे बोलणे पुढच्या चित्रावर चालू ठेवले, की तो एल-कट. फेड, म्हणजे चित्र हळूहळू काळे होत जाणे, प्रकरण संपवण्यापुरताच ठेवावा. वाइप, म्हणजे एका चित्राला पुसत दुसरे पडद्यावर सरकणे, माहितीपटात सहसा नकोच.

शेवटी प्रसंग एकदा आवाज बंद करून पाहावा, एकदा डोळे मिटून ऐकावा. घरघर कटवर खट्कन तुटत असेल, तर तिथे दोन-तीन फ्रेमचा ऑडिओ क्रॉसफेड, म्हणजे एक आवाज उतरत असताना दुसरा चढवणे, द्यावा. चित्राला हात लावू नये.