स्टॉक मोजायला जुना फोन

दुकानाचा स्टॉक वहीत उतरवताना १३ आकड्यांच्या बारकोडात एखादा आकडा हमखास चुकतो. वेगळा स्कॅनर घेण्याआधी घरात पडलेला जुना अँड्रॉइड फोन वापरून बघा. स्क्रीनला तडा असला तरी चालेल, कॅमेरा मात्र स्वच्छ हवा.

१. 'बायनरी आय' हे मोफत ॲप टाका. इंटरनेट नसतानाही ते चालतं.
२. सेटिंगमध्ये बल्क मोड सुरू करा, म्हणजे एकामागोमाग एक कोड वाचता येतात.
३. फोन पाकिटापासून वीतभर लांब धरा. चिप्सच्या चकचकीत पाकिटावर उजेड परावर्तित होतो आणि कोड वाचलाच जात नाही. तिथे टॉर्च बंद ठेवून फोन थोडा तिरका करा, पाकीट अंगठ्यांनी ताणून सपाट धरा. निम्मा त्रास इथेच संपतो.
४. शेवटी हिस्टरीतून सीएसव्ही फाइल (साध्या मजकुरातली कोडांची यादी) काढा.

ती फाइल एक्सेलमध्ये थेट उघडू नका. ८९० ने सुरू होणारा कोड ८.९ई+१२ असा दिसतो आणि सुरुवातीचं शून्य असेल तर ते उडतं. 'डेटा' टॅबमधून फाइल आत घ्या आणि कोडच्या कॉलमला 'टेक्स्ट' निवडा.