श्रद्धा संपल्यावर ख्रिस्ती धर्मातून बाहेर कसे पडावे

ज्याची ख्रिस्ती श्रद्धा संपली आहे आणि जो आता धर्मातून बाहेर पडण्याचा विचार करतो आहे, त्याच्यापुढे एक नव्हे तर चार वेगवेगळी कामे असतात: स्वतःच्या मनाची खात्री करणे, चर्चमधील जबाबदाऱ्या व विधी सोडणे, घरच्यांना सांगणे आणि नोंदवहीतील सदस्यत्व संपवणे. ही चारही कामे एकाच दमात उरकू पाहणाऱ्यांची फार ओढाताण होते. मी तेच केले होते. एकाच आठवड्यात पाळकांना, म्हणजे आमच्या चर्चच्या धर्मगुरूंना, पत्र दिले, गायनवृंद सोडला आणि आईला फोनवर सगळे सांगून टाकले. पत्राचे मला आजही काही वाटत नाही, पण त्या फोनने जे तुटले ते सांधायला दोन वर्षे लागली. म्हणून कामे कोणत्या क्रमाने करावीत याला मी फार महत्त्व देतो.

आधी खात्री करावी

प्रार्थनेत मन न लागणे, देव दूर गेल्यासारखे वाटणे आणि देव नाही असे पटणे या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. मदर तेरेसा यांची खासगी पत्रे त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांनी जवळजवळ अर्धे शतक देवाच्या अनुपस्थितीची वेदना सोसली होती हे जगाला कळले. तरीही त्या आपल्या व्रतात राहिल्या. अशा काळोखातून गेलेले अनेक जण श्रद्धेतच राहतात, आणि ख्रिस्ती परंपरेत या अवस्थेविषयी बरेच विचारमंथनही झालेले आहे. आपली अवस्था तशी असेल, तर बाहेर पडण्याची घाई करू नये. तसेच एखाद्या पाळकाने किंवा मंडळीने, म्हणजे चर्चच्या समुदायाने, दुखावल्यामुळे आलेला संताप वेगळा ओळखावा. अशा वेळी कदाचित दुसरी मंडळी हवी असते, धर्मत्याग नको असतो. आणि ज्याला देवाबरोबरच जेवण, काम, माणसे यांतलेही काहीच गोड लागेनासे झाले आहे, त्याने हा निर्णय बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना भेटावे.

खात्री करण्याची एक साधी रीत मला उपयोगी पडली. प्रेषितांचा विश्वासांगीकार, म्हणजे उपासनेत सगळे मिळून म्हणतात ती श्रद्धेची कबुली, वहीत उतरवून काढावा, प्रत्येक कलम वेगळ्या ओळीवर: सर्वसमर्थ पिता, कुमारीपासून जन्म, तिसऱ्या दिवशी मेलेल्यांतून उठणे, पापांची क्षमा, शरीराचे पुनरुत्थान, सार्वकालिक जीवन. प्रत्येकापुढे ‘मानतो’, ‘मानत नाही’ किंवा ‘ठाऊक नाही’ एवढेच लिहून खाली तारीख घालावी, वही मिटून ठेवावी आणि तीन महिन्यांनी कोऱ्या पानावर पुन्हा तेच करावे. इतकी वर्षे सगळ्यांच्या सुरात सूर मिसळून म्हटलेले ते शब्द एकट्याने, एकेक करून, पेन हातात धरून तपासताना मनाला पळवाट मिळत नाही. माझ्या दुसऱ्या पानावर ‘ठाऊक नाही’ फक्त एकाच ठिकाणी उरले होते.

श्रद्धा गेली तरी नरकाची भीती बराच काळ राहू शकते, हे आधीच माहीत असावे. आजारपणात, रात्री जाग आल्यावर किंवा कोणाच्या अंत्यविधीला ती अचानक उसळते, आणि मग ‘मी अजून आतून मानतोच की काय’ असा संभ्रम होतो. लहानपणी मनात रुजलेली भीती युक्तिवादाने उपटली जात नाही. ती हळूहळू ओसरते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्लीन विनेल यांनी २०११ मध्ये धर्मामुळे झालेल्या अशा मानसिक आघातासाठी एक संज्ञा मांडली. मान्यताप्राप्त निदानांच्या यादीत तिला स्थान नाही, परंतु हा त्रास काल्पनिक नाही. २००९ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली ‘रिकव्हरिंग फ्रॉम रिलिजन’ ही संस्था अशा लोकांशी फोनवर आणि चॅटवर बोलते, आणि त्यांना कोणत्याही बाजूला ओढत नाही. भीतीने झोप उडत असेल, तर समुपदेशकाकडे जायला संकोच करू नये. मात्र तो स्वतः धर्मोपदेशक नसावा, हे पाहून घ्यावे.

जबाबदाऱ्या आणि विधी

सर्वांत आधी रविवार शाळा सोडावी. जे आपल्याला खरे वाटत नाही ते मुलांना खरे म्हणून शिकवणे हा त्या मुलांवर अन्याय आहे, आणि आपल्यालाही ते आतून पोखरते. गायन, शास्त्रवाचन, हिशेब, समित्या ही कामे त्यानंतर, महिनाभर आधी कळवून, किल्ल्या आणि वह्या नीट हवाली करून सोडावीत. कारण विचारले तर ‘मला आता हे मनापासून करता येत नाही’ इतके उत्तर खरेही आहे आणि पुरेसेही. दशमांश किंवा मासिक वर्गणी बँकेतून आपोआप जात असेल, तर तीही आठवणीने बंद करावी.

प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकरी घेण्याच्या विधीचा, प्रसंग अनेकांना सर्वांत जड जातो. उपासनेला बसलेले असताना थाळी रांगेतून सरकत आपल्यापाशी येते. शेजारची व्यक्ती डोळे मिटून असते, तरी सगळे आपल्याचकडे पाहत आहेत असे वाटते. दोन्ही हातांनी थाळी घ्यावी, भाकरीला स्पर्श न करता ती पुढच्याच्या हातात द्यावी आणि शांत बसून राहावे. ज्या चर्चमध्ये वेदीपर्यंत जावे लागते तिथे बाकावरून उठू नये, एवढेच. श्रद्धावंतांना तो विधी पवित्र असतो, म्हणून न मानता तो घेण्यापेक्षा न घेणे हाच त्यांचा खरा आदर आहे. कोणी धर्मपिता किंवा धर्ममाता होण्याची विनंती केली, तर त्या बाळावर कितीही माया असली तरी नम्रपणे नकार द्यावा, कारण बाप्तिस्म्याच्या वेळी जे वचन द्यावे लागते ते आपल्याला पाळता येणार नसते.

जे स्वतः पाळक किंवा फादर आहेत त्यांची अडचण याहून बिकट असते, कारण घर, पगार आणि सगळी ओळख चर्चशी बांधलेली असते. लेस्ली स्टीफन या इंग्रज विचारवंतांनी १८५९ मध्ये धर्मगुरूची दीक्षा घेतली, श्रद्धा गेल्यामुळे १८६२ मध्ये केंब्रिजमधील शिक्षकपद सोडले, परंतु दीक्षेचा कायदेशीर त्याग केला तो थेट १८७५ मध्ये. अशा माणसाने आधी उपजीविकेची दुसरी सोय लावावी, मग बोलावे. त्यात अप्रामाणिक काही नाही. श्रद्धा उरलेली नाही अशा धर्मगुरूंसाठी २०११ पासून ‘क्लर्जी प्रोजेक्ट’ हा गोपनीयता पाळणारा मदतगट काम करतो आहे.

घरच्यांना सांगताना

पालकांच्या छताखाली आणि त्यांच्या पैशावर राहणाऱ्या तरुणाला घराबाहेर काढले जाण्याची किंवा मारहाणीची भीती असेल, तर त्याने स्वतःच्या पायावर उभे राहीपर्यंत काहीही सांगू नये. याला मी भित्रेपणा मानत नाही.

विवाहित असल्यास जोडीदाराला सर्वांत आधी, आणि इतर कोणाकडून कळण्यापूर्वी सांगावे. चार्ल्स डार्विन यांची श्रद्धा अनेक वर्षांत हळूहळू विझत गेली, आणि त्यांची पत्नी एमा मात्र शेवटपर्यंत श्रद्धावान राहिली. कुटुंब रविवारी चर्चमध्ये जाई तेव्हा ते फिरायला जात, पण गावच्या धर्मगुरूशी त्यांची मैत्री होती आणि चर्चच्या गावकामांना त्यांचा हातभारही असे. मृत्यूनंतर आपली ताटातूट होईल की काय, ही एमाची काळजी लग्नाआधीपासूनची होती, आणि तरीही तो संसार टिकला. श्रद्धावान जोडीदाराला ‘आता आपले लग्न मोडायचे का’ असा प्रश्न पडला, तर त्याच्याच शास्त्रात उत्तर आहे: करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौल स्पष्ट लिहितो की, विश्वास न ठेवणारा जोडीदार एकत्र नांदायला राजी असेल तर त्याला सोडू नये. मुलांचा बाप्तिस्मा, रविवार शाळा आणि घरातील प्रार्थना यांविषयी मात्र लवकर आणि नेमके बोलून ठेवावे. हे प्रश्न मोघम ठेवले, तर नेमके बाळ जन्मल्यावर भांडण उभे राहते.

आईवडिलांना सांगताना नाताळ, पुनरुत्थानाचा सण किंवा घरातले मयत हे दिवस टाळावेत. समोरासमोर बसून, थोडक्यात आणि स्वतःविषयीच बोलावे: ‘आई, माझा आता देवावर विश्वास उरलेला नाही. हे एकाएकी झालं नाही, तीन वर्षं मनात चाललं होतं. तू मला जे प्रेम दिलंस त्यात काही कमी पडलं म्हणून हे झालेलं नाही.’ यापुढे बायबलमधील विसंगतींची यादी काढू नये. त्यांच्या मनात त्या क्षणी वादविवाद नसतो. आपले मूल कायमचे हरवणार, ही धास्ती असते. ते शास्त्रवचने म्हणू लागले तर त्या वचनांना उत्तर न देता त्या धास्तीला उत्तर द्यावे: जवळ बसावे, पुढच्या भेटीचा दिवस ठरवावा आणि त्या दिवशी न चुकता जावे. माझ्या आईने तीन महिन्यांनी पहिला प्रश्न विचारला तो देवाविषयी नव्हता. मी रात्री झोपतो का, एवढेच तिने विचारले.

तडजोड किती करावी, हे ज्याचे त्याने ठरवावे. पुढे जॉर्ज एलियट या नावाने कादंबरीकार म्हणून ख्याती पावलेल्या मेरी अ‍ॅन एव्हन्स यांनी जानेवारी १८४२ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, वडिलांबरोबर चर्चला जायला नकार दिला. घर मोडण्याची वेळ आली, तेव्हा काही महिन्यांनी दोघांत समेट झाला: मेरी अ‍ॅन चर्चमध्ये येऊन बसतील, पण मनात काय मानायचे ते त्यांचे त्या ठरवतील. १८४९ मध्ये वडील वारले तोपर्यंत त्यांनीच त्यांची सेवा केली. मला ही तडजोड लाजिरवाणी वाटत नाही. जेवणाआधीच्या प्रार्थनेला घरातले डोळे मिटतात तेव्हा आपण हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसावे आणि ‘आमेन’ होईपर्यंत घासाला हात लावू नये. एवढ्याने कोणी आपल्याला श्रद्धावान समजत नाही, आणि जेवण मात्र सुखाने होते.

काही पंथांत सोडून जाणाऱ्याशी संबंध तोडण्याचा नियमच असतो. यहोवाचे साक्षीदार या पंथात राजीनाम्याचे पत्र दिले की, वेगळ्या घरांत राहणारे सख्खे नातलगही बोलणे बंद करतात, त्यामुळे तिथले अनेक जण पत्र न देता हळूहळू सभांना जाणे थांबवतात. जिथे ही किंमत मोजावी लागते, तिथे पत्र सर्वांत शेवटी द्यावे, किंवा कधीच देऊ नये.

नोंदवहीतील नाव

हे काम पंथानुसार आणि देशानुसार बदलते. सदस्यांची यादी ठेवणाऱ्या बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत पाळकांना पत्र दिले की नाव कमी होते. कॅथलिक चर्चमध्ये मात्र बाप्तिस्म्याची मुद्रा पुसता येत नाही अशी शिकवण आहे. १९८३ च्या धर्मविधिसंहितेतील विवाहविषयक कलमांत चर्च ‘औपचारिक कृतीने’ सोडण्याचा उल्लेख होता. २००९ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी तो काढून टाकला, आणि तेव्हापासून चर्चच्या कायद्याला मान्य असा औपचारिक त्याग उरलेला नाही. धर्मप्रांताला पत्र लिहून बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी समासात शेरा मारण्याची विनंती करता येते, पण मूळ नोंद राहते. ती पुसून टाकावी म्हणून लोक न्यायालयात गेले, तेव्हा स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये आणि फ्रान्सच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने २०१४ मध्ये ती मागणी फेटाळली. माझे मत विचाराल तर या लढाईत पडू नये: त्या दिवशी तो विधी झाला होता हे खरे आहे, आणि नोंद तेवढेच सांगते.

जर्मनीत चित्र अगदी वेगळे आहे. तिथे चर्चच्या सदस्यांकडून आयकराच्या ८ किंवा ९ टक्के इतका चर्च कर सरकारमार्फत वसूल होतो, आणि चर्च सोडायचे तर राज्यानुसार स्थानिक न्यायालयात किंवा नोंदणी कार्यालयात जाऊन तसे जाहीर करावे लागते. त्याचा दाखला जन्मभर जपून ठेवावा, कारण पुढे कराचा प्रश्न निघाला तर तोच पुरावा असतो.

कोणत्याही देशात अर्ज देण्यापूर्वी काही गोष्टी तपासाव्यात. नोकरी चर्चच्या संस्थेत आहे का, मुलांचा शाळाप्रवेश सदस्यत्वावर अवलंबून आहे का, कुटुंबाच्या दफनभूमीतील जागेचे काय, आणि विवाह किंवा वारसा यांना धर्मानुसार वेगळा कायदा लागू होतो का. शेवटच्या प्रश्नासाठी वकिलाचा सल्ला घ्यावाच. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील अठराव्या कलमात धर्म बदलण्याचे स्वातंत्र्य मान्य केले आहे, पण वारसाहक्काचा दावा केवळ त्या कलमावर उभा राहत नाही. बाप्तिस्म्याच्या दाखल्याची प्रत पत्र देण्याआधीच मागून घ्यावी; जुन्या काळातील व्यक्तींसाठी तो कधी कधी जन्माचाही पुरावा असतो. पत्रात पूर्ण नाव, जन्मतारीख, बाप्तिस्म्याची तारीख व चर्च, सदस्यत्व संपवण्याची विनंती आणि लेखी पोच मिळावी ही मागणी इतकेच असावे. कारणे लिहू नयेत, कारण कारणे लिहिली की ती खोडण्यासाठी भेटीगाठी सुरू होतात.

त्यानंतरचे रविवार

सोडल्यानंतर सर्वांत जास्त उणीव भासते ती देवाची नव्हे, तर त्याच वेळी, त्याच ठिकाणी, त्याच माणसांना दर आठवड्याला भेटण्याची. आजारी पडल्यावर डबा घेऊन येणारी माणसेही तिथलीच असतात. म्हणून रविवारची सकाळ मोकळी सोडू नये. गायनाचा वर्ग, रुग्णसेवा, वाचनमंडळ यांपैकी ठरलेल्या वेळी आणि त्याच त्या माणसांबरोबर होणारे काही तरी पहिल्याच महिन्यात सुरू करावे. मंडळीतील ज्यांच्याशी खरी मैत्री आहे त्यांना आपणहून फोन करावा. त्यांना बहुधा आपल्याशी काय बोलावे हेच सुचत नसते.

शेवटचा एक कागद राहतो. आपला अंत्यविधी कसा व्हावा, हे लिहून सही करावे आणि त्याची एक प्रत जोडीदाराकडे किंवा विश्वासू मित्राकडे द्यावी, नाही तर त्या दिवशी घरचे गोंधळतील आणि जुन्या सवयीने चर्चला बोलावतील. कोणी बोलावे, दफन की दहन, प्रार्थना असावी की नसावी, हे त्यात स्पष्ट असावे. लहानपणापासून ओठांवर असलेले एखादे उपासनागीत अजूनही आवडत असेल, तर त्याचे नावही त्यात निःसंकोच लिहावे. मी लिहिले आहे.