मुलांची फिट आणि मेंदूचे स्कॅन: या चुका टाळा

गारगोटीहून पहिल्या एसटीनं आजी नातवाला घेऊन आल्या होत्या. ईईजीसाठी, म्हणजे मेंदूतली वीज टिपणाऱ्या तपासणीसाठी, पोराला पहाटे तीनपासून जागवलेलं, डोळे तारवटलेले, आणि केसांना चांगलं बोटभर खोबरेल. "दवाखान्यात न्यायचं म्हणून तेल लावून भांग पाडलाय ओ ताई," आजी म्हणाल्या. त्यांनी प्रेमानंच लावलं होतं. पण तेलकट डोक्यावर ईईजीच्या तारा धरत नाहीत, पेस्ट सरकते. बेसिनपाशी शांपू, टॉवेल, मग केस वाळवणं, यात पाऊण तास गेला. तेवढ्यात पोर आजीच्या मांडीवर गाढ झोपून उठलंसुद्धा. तारा लावल्या तेव्हा टक्क जागं! ज्या झोपेसाठी सगळ्यांनी रात्र काढली, ती झोप आमच्या बाकड्यावर संपली होती.

मी कोल्हापुरात राजारामपुरीत ईईजी काढते. पुढे स्पेक्ट, पेट, फंक्शनल एमआरआय अशा मेंदूच्या स्कॅनसाठी मोठ्या शहरात जाणारी मुलं आधी आमच्याकडे येऊन जातात, आणि परत आली की रिपोर्टही दाखवतात. त्यावरून एक गोष्ट कळकळीनं सांगावीशी वाटते. घरचे लोक चित्राकडे बघतात, घड्याळाकडे बघत नाहीत. बहुतेक गोंधळ तिथेच होतो.

ईईजी मेंदूतली वीज टिपतो, ती घडते त्याच क्षणी. बाकीचे बरेच स्कॅन रक्त, प्राणवायू किंवा साखर बघतात, आणि त्या गोष्टी सहसा विजेच्या मागून येतात. आपल्याकडे राधानगरीत पाऊस कोसळतो आणि राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी नंतर चढतं, तसंच हे. बंधाऱ्यावरचे धोक्याचे ४३ फूट बघून आत्ता या घडीला धरणावर पाऊस आहे असं कोणी म्हणत नाही. मेंदूत पेशी पेटल्या की त्या भागातल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्त वाढतं, आणि त्याचा जोर साधारण ५-६ सेकंदांनी दिसतो. जपानी शास्त्रज्ञ सेजी ओगावा यांनी १९९० मध्ये दाखवलं की रक्तातल्या प्राणवायूच्या फरकावरून एमआरआयमध्ये हा बदल टिपता येतो. फंक्शनल एमआरआय उभा आहे तो त्यावरच. पेशी त्यात दिसत नाहीत, पेशींमागून आलेलं रक्त दिसतं.

स्पेक्टच्या वेळी बटण न दाबणं

स्पेक्टमध्ये फिट सुरू होताच शिरेतून किरणोत्सारी औषध सोडतात. ते एक-दोन मिनिटांत मेंदूत बसतं आणि तिथेच राहतं, त्यामुळे फोटो काही तासांनी काढला तरी चालतो. चालत नाही तो इंजेक्शनला झालेला उशीर. फिट चालू असताना तिच्या उगमाकडे रक्त जास्त धावतं, फिट थांबली की तोच भाग कोमेजतो. म्हणजे मिनिटभर उशीर झाला, तर जिथे पूर दिसायचा तिथे कोरडं पात्र दिसतं, किंवा फिट जिथे पसरली ती दुसरीच जागा उजळते.

म्हणून व्हिडिओ ईईजीच्या, म्हणजे ईईजीसोबत कॅमेरा चालू असलेल्या, खोलीत फिटची खबर देणारं बटण आईच्या हाती देतात. फिट आली की आई बटण टाकून लेकराला मिठी मारते. मी ते पाहिलंय, आणि त्या आईला बोल लावायची माझी हिंमत नाही. पण तिच्या पाठीमागे मूल झाकलं जातं, कॅमेऱ्याला हात-तोंड दिसत नाही आणि इंजेक्शनवाली सिस्टर उशिरा पोचते. आदल्या दिवशीच ठरवून ठेवा: आधी बटण, मग पांघरूण बाजूला, मग नावानं हाक. सिस्टर तिथे असतातच, लेकरू एकटं नसतं. आणि एक लक्षात असू द्या. या तपासणीसाठी गोळ्या कमी करतात त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली, वॉर्डात. फिट लवकर यावी म्हणून घरूनच गोळी बंद करून नेणं जिवावर बेतू शकतं.

पेट स्कॅनमध्ये 'एवढंसं काय सांगायचं'

पेटमध्ये साखरेसारखं औषध देतात. फिट नसताना आजारी भाग साखर कमी खातो, म्हणून तो फिका दिसतो. त्यासाठी मूल काही तास उपाशी हवं. प्रवासात दिलेलं एक बिस्कीटही सांगा. औषधाची ताकद ११० मिनिटांत निम्मी होते, त्यामुळे "जरा थांबून करू" असं तिथे फारसं चालत नाही.

आमच्याकडच्या एका मुलीला इंजेक्शन घेऊन अंधाऱ्या खोलीत पडलेली असताना अर्धा मिनिट टक लागली, तिनं ओठ चावल्यासारखे केले. आईला वाटलं, ही तर तिची नेहमीची छोटी फिट. कोणी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. त्या अर्ध्या मिनिटात आजारी बाजूनं जास्त साखर ओढली आणि चांगली बाजू त्यापुढे फिकी पडली. रिपोर्टात उलटीच बाजू आली. इथल्या ईईजीशी ते जुळेना म्हणून खोदून विचारलं, तेव्हा आईला ती टक आठवली. सगळं पुन्हा करावं लागलं, पैसे आणि उपास दोन्ही.

रंग बघून घाबरणं

"ताई, लाल म्हणजे खराब झालेला भाग का?" हे मला दर महिन्याला कोणीतरी विचारतं. नाही. हे रंग कॉम्प्युटर गणित करून भरतो. शाळेत बोलता-बोलता काही सेकंद हरवणाऱ्या मुलांचं उदाहरण घ्या. त्यांच्या ईईजीवर सेकंदाला ३ वेळा विजेचे ठोके येतात. त्याच वेळी फंक्शनल एमआरआय केला, तर मेंदूच्या मधोमध थॅलॅमसमध्ये रक्ताचा संकेत वाढतो आणि वरच्या थरातल्या बऱ्याच भागांत उतरतो. अशा मुलांत ईईजीवर ठोके उमटायच्या काही सेकंद आधीच रक्ताचा बदल सुरू होतो, असंही अभ्यासात दिसलंय. आणि एवढं सगळं होणाऱ्या या मुलांचा साधा एमआरआय सहसा अगदी स्वच्छ असतो. चित्र ठळक असणं आणि आजार मोठा असणं यांचा संबंध नाही.

साध्या एमआरआयबद्दल थोडक्यात. तो 'फिटसाठीचा', म्हणजे पातळ कापांच्या चित्रांचा काढलाय ना, हे विचारा. नेहमीच्या जाड कापांत बारीक दोष निसटतो. दोन वर्षांखालच्या मुलात मेंदूतल्या मज्जातंतूंवरचं आवरण अजून तयार होत असतं, त्यामुळे नॉर्मल आलेला एमआरआय पुढे पुन्हा काढायला सांगितला, तर डॉक्टर लुबाडताहेत असं समजू नका. फिल्मवर भागवू नका, सीडी मागून घ्या. ताईत, करदोड्यातला मणी, पैंजण घरीच काढून ठेवा. चांदीकामाच्या हुपरीची एक आई म्हणाली, चांदी कुठं चुंबकाला चिकटते? खरंय, नाही चिकटत. पण यंत्रात धातूचं बंद कडं तापू शकतं आणि कातडी भाजते. शिवाय कडीत लोखंड नसेलच असं नाही.

आणि प्रत्येक फिटला स्कॅन लागत नाही. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाला तापात एकदाच, थोडा वेळ, सगळं अंग हलून फिट आली आणि मूल लगेच सावरलं, तर सहसा कुठलाच स्कॅन नको. उलट नीट निवडलेली दोन औषधं पुऱ्या डोसात देऊनही फिट येत राहिली, तर वर्षानुवर्षं तिसरी-चौथी गोळी बदलत बसू नका. बंगळुरूचं निम्हान्स किंवा तिरुवनंतपुरमचं श्री चित्रा अशा मोठ्या रुग्णालयांत ऑपरेशनचा विचार होऊ शकतो का, हे डॉक्टरांना स्वतःहून विचारा. स्पेक्ट आणि पेटचा खरा उपयोग तिथेच होतो.

घरी फिट आली की एकानं मूल कुशीवर वळवायचं, दुसऱ्यानं मोबाइल धरायचा. तोंडात चमचा नको, नाकाला कांदा-चप्पल नको. पाच मिनिटांवर गेली तर थेट दवाखाना. कुठला ओठ आधी ओढला, मान कुठे वळली, किती वाजले, एवढं वहीत लिहा.

गारगोटीच्या आजी पंधरा दिवसांनी परत आल्या. नातवाचे केस कोरडे, आणि सोबत मामा, मोबाइलवर ४७ सेकंदांचा व्हिडिओ घेऊन. पहाटे ४ वाजून ५२ मिनिटं. आधी डावा ओठ उडतो, मग लाळ, मग हात. आजीनं बसमध्ये नातवाला डुलकी लागू दिली नव्हती, सगळा रस्ता गोष्टी सांगितल्या होत्या. तारा लावल्या, दिवा मंद केला, आणि अकराव्या मिनिटाला तो झोपला. झोपेतच उजव्या कानाच्या वरच्या बाजूला ठोके उमटायला लागले, व्हिडिओतल्या ओठाशी जुळणारे, कारण मेंदूची उजवी बाजू डावं अंग हलवते. डॉक्टरांनी दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं आणि एमआरआयची चिठ्ठी सध्या लिहिलीच नाही.